शुल्क लागणार नाही

४ तारीख, सोमवार

उद्या निघतोय. बॅग भरून झाली. ही तीनदा उघडून बघून गेली आणि तिन्ही वेळा काहीतरी कोंबून गेली. व्हिसा दोघांचा काढला होता, पण तिकीट एकाचंच काढलं. धाकट्या भावाला कान धरून परत आणायला दोन माणसं कशाला? यावर ही दोन दिवस बोलत नव्हती. आज बोलली ती एवढंच, "पैसे वाचवायच्या नादात स्वतःला विसरून येऊ नका म्हणजे झालं."

माझं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान. सगळं आयुष्य लोकांच्या काट्यातली खोट काढण्यात गेलं, त्यामुळे बँकांची खोट मला लांबूनच दिसते. विमानतळावरच्या काउंटरवर नोटा बदलायच्या नाहीत, तिथे अव्वाच्या सव्वा कापतात. थोडेथोडे पैसे काढायचे नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, यंत्राने विचारलं की रक्कम तुमच्या घरच्या चलनात दाखवू का, तर नाही म्हणायचं. आपल्या पैशात आकडा दिसला की माणसाला घरच्यासारखं वाटतं, आणि त्या घरच्यासारखं वाटण्याचेच पैसे ते लावतात.

धाकटा दोन वर्षांपूर्वी गेला तेव्हा मीच त्याच्याकडून हे घोकून घेतलं होतं. काहीही विचारलं तरी इथलं म्हणायचं, घरचं म्हणायचं नाही. पोरगा आज्ञाधारक. नंतर पत्राने कळवलं होतं, "दादा, एक पैसा फी भरलेली नाही." पुढे फोन कमी झाले, मग बंदच. कंपनी म्हणते तो नोकरी सोडून गेला. आई फोन मांडीवर घेऊन बसून असते. वाजला की आधी माझ्याकडे बघते, मग उचलते. तिला शब्द दिलाय, त्याला घेऊनच येईन.

६ तारीख, बुधवार

पोचलो. विमानतळावर नोटा बदलायच्या काउंटरवरच्या मुलीने गोड हसून बोलावलं, मीही गोड हसून न थांबता पुढे निघून गेलो.

धाकट्याच्या जुन्या पत्त्यावरच खोली मिळाली. जिना अरुंद, खोलीत एक पलंग, एक टेबल आणि बंद न होणारी खिडकी. घरमालकिणीला आपली भाषा येत नाही, मला तिची येत नाही. फोनवर भाषांतर करून काम चाललंय. धाकट्याचा फोटो दाखवला तर तिने कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाकडे बोट केलं आणि फोनवर उत्तर आलं, "तो ना? तो इथलाच आहे." भाषांतर करणारी ही यंत्रं म्हणजे नुसता आनंद आहे.

पैसे खाली गल्लीतल्या भिंतीतल्या यंत्रातून काढले. कार्ड घातल्याबरोबर पडद्यावर मराठी आलं! अक्षरही छान ठसठशीत. "रक्कम तुमच्या घरच्या चलनात हवी का? हो म्हटल्यास शुल्क लागेल. नाही म्हटल्यास शुल्क लागणार नाही." इतक्या सरळ शब्दांत सांगणारं यंत्र पहिल्यांदा पाहिलं. खाली दोन बटणं, हो आणि नाही. नाही दाबलं. दुपारी हिला फोन करायला गेलो तर घरचा नंबर आठवेना. फोनमध्ये होता म्हणून बरं. प्रवासाचा शीण, दुसरं काय!

७ तारीख, गुरुवार

धाकटा भेटला. भेटला म्हणायचं की नाही कळत नाही.

दुकानात शिरलो, तो काउंटरमागे चष्म्याच्या दांडीत स्क्रू बसवत होता. स्क्रू ओठात धरलेला. माझ्या दुकानात काम शिकताना हीच खोड होती, "गिळशील एक दिवस" म्हणून कितीदा टपली मारली असेल. हनुवटीवरचा झोपाळ्यावरून पडल्याचा व्रण जागच्या जागी. मी हाक मारली. त्याने मान वर केली आणि गिऱ्हाईक आल्यावर जितपत हसतात तितपत हसला. इथल्या भाषेत काहीतरी विचारलं.

मी म्हटलं, "अरे नाटकं पुरे, मी आलोय."

तो फोन काढून माझ्यासमोर धरतो! भाषांतरासाठी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याच्या डोळ्यांत रागही नव्हता, रुसवाही नव्हता. समोरच्याला आपलं बोलणं कळावं एवढीच काळजी होती. मी माझा चष्मा काढून दिला. नाकावर टोचतो म्हणून. त्याने तो हातात घेतला, मग पुढे वाकून माझ्या कानामागे बोटं नेऊन दांड्यांचं माप पाहिलं. लहानपणी त्याला ताप आला की मी असाच त्याच्या कानामागे हात लावून बघायचो. बोटं तीच, गार. माणूस मात्र परका.

रुसलाय. नक्की रुसलाय. तो जाताना मी निरोप द्यायला गेलो नव्हतो, त्याचा राग असणार. रोज जाईन. पाघळेल.

९ तारीख, शनिवार

रोज जातोय. रोज चष्म्यात एक नवीन तक्रार काढतो. तो न कंटाळता दुरुस्त करतो. पैसे कार्डाने देतो, तिथलं छोटं यंत्रही मला मराठीतच विचारतं आणि मी नाहीच दाबतो.

घरी सांगितलं, त्याची तब्येत चांगली आहे, थोडा वेळ लागेल. आई म्हणाली, "जेवतो का नीट?" म्हटलं, जेवतो. खोटं थोडंच बोललो, जेवताना पाहिलंय त्याला काचेतून.

भाषा आपोआप येत चाललीये. आज घरमालकीण पायऱ्या पुसताना काहीतरी पुटपुटली आणि ते मला सरळ कळलं. म्हणाली, "हाही रुळला."

११ तारीख, सोमवार

गंमत झाली. पाव घ्यायला गेलो, किंमत वाचली आणि महाग आहे हे लगेच समजलं, आपल्याकडचे किती हा गुणाकार न करता. डोकं हलकं वाटलं. लोक उगाच घाबरतात परदेशाला.

एक मात्र लागून राहिलंय. दुकानाचं शटर कुठल्या रंगाचं आहे हे आठवेना. मीच रंगवलं होतं. हिला फोन करून विचारलं. ही हसली, "हिरवं! झालं का तुमचं सुरू?" हिरवं. लिहून ठेवतो.

१३ तारीख, बुधवार

भिंतीतल्या यंत्राने आज वेगळं विचारलं. "घरचं काही हवं का? हो म्हटल्यास शुल्क लागेल. नाही म्हटल्यास शुल्क लागणार नाही." चलनात हा शब्द गळला होता. भाषांतरात होतं असं. शुल्काचा आकडाही वाढलाय, चोर लेकाचे. नाही दाबलं.

माझ्या मागे धाकटा उभा होता, योगायोगाने. मी बाजूला झालो आणि बघत राहिलो. त्याने कार्ड घातलं, पैसे आले, तो गेला. पडद्यावर काहीच आलं नाही. त्याला यंत्र काही विचारतच नाही! दोन वर्षं नाही म्हटल्यावर तेही शिकलं असणार. मला त्याचा अभिमान वाटला, आणि का कोण जाणे, अंगावर काटाही आला. गल्लीत वारा होता.

१४ तारीख, गुरुवार

हिच्याशी भांडण. त्याचं काय झालं, पडद्यावर आज प्रश्न आला, "घरी कोणी वाट पाहत आहे का?" खाली तेच, हो म्हटल्यास शुल्क लागेल, नाही म्हटल्यास लागणार नाही. मला हसूच आलं. फोनवर हिला सांगितलं, बघ कसे भावनेला हात घालतात.

ही म्हणाली, "आणि तुम्ही काय दाबलंत?"

"नाही. दुसरं काय दाबणार?"

"नाही दाबलंत? मग आम्ही कोण?"

"अगं, फी वाचवायला दाबायचं असतं ते. यंत्राला काय कळतंय!"

"तुम्हाला कळतंय का?" ती म्हणाली. "अहो, मला जरा सांगा बरं, आपल्या घरात पाण्याचा माठ कुठे असतो?"

असली परीक्षा! मी चिडून फोन ठेवला. नंतर बराच वेळ टेबलाशी बसून माठ शोधत होतो. स्वयंपाकघर दिसतं, ओटा दिसतो, पण माठाची जागा मोकळी दिसते.

१५ तारीख, शुक्रवार

नाही दाबलं. दोनदा.

१७ तारीख, रविवार

आज सुट्टी. बाकावर ऊन खात बसलो होतो. चष्म्याच्या दुकानातला तो तरुण शेजारी येऊन बसला, आम्ही हवेबद्दल बोललो. चांगला मुलगा आहे. म्हणाला, "तुमच्याशी बोललं की बरं वाटतं, का ते कळत नाही." मीही म्हटलं, मलाही. इथे येण्याचं काहीतरी काम होतं माझं, त्याच्याशी संबंधित. वहीची मागची पानं उघडली की सापडेल. उद्या बघू.

लिहिताना हात सरसर चालतो. इथे कुठेच न दिसणारी ही लिपी मी कधी शिकलो हा प्रश्न आज पहिल्यांदा पडला.

१९ तारीख, मंगळवार

एका बाईचा फोन. रडत होती, "अहो, अहो" करत होती. मी इथल्या भाषेत नम्रपणे सांगितलं की नंबर चुकलाय. तिच्यामागून एक म्हातारा आवाज विचारत होता, "थोरला बोलतोय का?" कोणाच्या घरी काय संकट असेल. वाईट वाटलं. फोन ठेवल्यावर उगाच भूक मेली.

घरमालकिणीने भाडं कमी केलंय. म्हणाली, "प्रवाशांचा दर वेगळा असतो, तुम्ही आता इथले."

२२ तारीख, शुक्रवार

जे झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी भिंतीतल्या यंत्रापाशी उभा होतो. पडद्यावर आलं, "शेवटचं विचारत आहोत. घरी कोणी आहे का? हो म्हटल्यास खात्यातली सगळी रक्कम लागेल. नाही म्हटल्यास शुल्क लागणार नाही, आणि पुन्हा विचारणार नाही." पुन्हा विचारणार नाही हे वाचून बरं वाटलं. बोट पुढे केलं.

तेवढ्यात मागून एक बाई आली. हातात बॅग, केस विस्कटलेले, विमानातून उतरून थेट आल्यासारखी. तिने पडद्यावरचं वाचलं. तिला ते वाचता आलं. मी म्हटलं, "बाई, रांगेत थांबा." तिने माझं मनगट धरलं. सोडवायला गेलो तर पकड लोखंडाची. मी ओरडलो, "चोर, चोर!" गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या.

ती म्हणाली, "ओरडा. हवं तेवढं ओरडा." आणि माझ्या हातावरून हात घालून तिने हो दाबलं.

सगळे पैसे! माझ्या डोळ्यांसमोर आकडा उतरत गेला आणि शून्यावर थांबला. मी तिला म्हटलं, अगं, काय केलंस हे, शटर नवीन करायला ठेवले होते ते, त्या हिरव्या शटरचा खालचा पत्रा गंजलाय...

आणि माठ आठवला. खिडकीखाली, तिवईवर, उलटा पेला ठेवलेला. मी समोर पाहिलं, तर ही होती.

गल्लीतच खाली बसलो. ही माझ्याजवळ बसली आणि पदराने माझा चष्मा पुसत राहिली. म्हणाली, "जाऊ देत हो पैसे." मी लहान पोरासारखा रडलो. खिडक्या बंद झाल्या.

२३ तारीख, शनिवार

दोघं मिळून धाकट्याच्या दुकानात गेलो. ही त्याच्याशी मराठीत बोलत राहिली. आईच्या गुडघ्यांचं, दुकानाचं, शेजारच्यांच्या कुत्र्याचं. तो फोन पुढे करून ऐकत होता. फोनने भाषांतर केलं तरी त्याला कशाचाच संदर्भ लागला नाही.

हिने त्याचं कार्ड मागून घेतलं आणि त्याला यंत्राशी नेलं. यंत्राने काही विचारलं नाही. मी पडद्यावर बुक्क्या मारल्या, शिव्या दिल्या. विचार ना, म्हटलं, त्यालाही विचार! यंत्राने पैसे दिले आणि पावती दिली.

परत दुकानात आलो. त्याने सवयीने स्क्रू ओठात धरला. मी विचार न करता टपली मारली, "गिळशील एक दिवस." तो थबकला. स्क्रू हातात काढून घेतला आणि माझ्याकडे बघत राहिला. मग एखादी जड वस्तू उचलावी तसा म्हणाला, "दादा?"

विचारल्यासारखाच म्हणाला. पण म्हणाला! पुढे काही आठवलं नाही त्याला. पण त्याने माझा चष्मा मागून घेतला आणि न सांगता नाकाच्या दोन्ही पट्ट्या नवीन बसवून दिल्या. पैसे घेतले नाहीत.

ही म्हणते, घरी जाऊ, दुकान गहाण टाकू, आईलाही घेऊन परत येऊ. आईने हाक मारली तर भावजी उठतील. मलाही तेच वाटतं. हरलेलो नाही.

२५ तारीख, सोमवार

विमानात लिहितोय. ही शेजारी खिडकीकडे तोंड करून बसलीये, बोलत नाही.

तिने सकाळपासून बजावलं होतं, कुठल्याही यंत्राला हात लावायचा नाही. ही सामानाच्या रांगेत होती, म्हणून मी जरा फिरत होतो. खिशात इथल्या थोड्या नोटा उरल्या होत्या. त्या काय घरी नेऊन चुलीत घालायच्या? काउंटरशेजारी एक यंत्र होतं. मी नुसतं वाचायला गेलो.

"इथली शिल्लक घरी न्यायची का? नेल्यास शुल्क लागेल. न नेल्यास शुल्क लागणार नाही. इथलं सगळं इथेच राहील."

शुल्क त्या नोटांपेक्षा जास्त होतं! हा सरळ हिशेब आहे, कोणीही करेल. घरी कोणी आहे का असलं काही विचारलं नव्हतं, त्याला मी हो म्हटलं असतं. खात्यात खडखडाट, आणि वर यांना शुल्क द्यायचं? मी नोटा आत सरकवल्या आणि न्यायची नाही हे बटण दाबलं. यंत्राने आभार मानले.

वर पाहिलं तर काचेपलीकडे, जिथून लोक निरोप देतात तिथे, एक तरुण उभा होता. कामाचा एप्रन अंगावर तसाच, बहुधा दुकानातून धावत आलेला. कुणाला तरी हात करत होता, तोंडाने काहीतरी हाक मारत होता. मी मागे वळून पाहिलं, मागे कोणी नव्हतं.

ही रांगेतून आली, तिने त्याला पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे. "काय दाबलंत?" म्हणाली. मी सांगितलं. तेव्हापासून बोलत नाही. एवढ्याशा नोटांसाठी इतका राग!

२८ तारीख, गुरुवार

घरी येऊन दोन दिवस झाले. घर जागच्या जागी आहे, माठ खिडकीखाली, शटर हिरवं. दुकान उघडलं, पहिलंच गिऱ्हाईक म्हणून एक भाजीवाला काटा घेऊन आला. बरं वाटलं.

आईचं मात्र वय झालं. दारात पाऊल ठेवल्याबरोबर माझ्या मागे जिन्याकडे बघत राहिली. "आणि धाकटा?" म्हणाली. मी म्हटलं, "कोण धाकटा, आई?" ती हसली, तिला वाटलं मी थट्टा करतोय, तो लपलाय जिन्याखाली. खाली उतरून बघून आली.

हिने ही वही माझ्यासमोर आणून आपटली. "वाचा. स्वतःच्या अक्षरातलं वाचा." वाचली. अक्षर माझंच आहे. पण प्रवासात मला ताप भरला होता बहुतेक, काय काय लिहिलंय. ज्या माणसाला भाऊच नाही, तो भावाला आणायला कशाला जाईल? कामासाठी गेलो असणार, काट्यांच्या सुट्या भागांसाठी. हिला हे समजावलं तर ही ओट्याला टेकून उभी राहिली. पैशांचं दुःख असतं माणसाला. मी म्हटलं, "कमवू पुन्हा. माझ्या हाताने तर एकदाही फी भरली नाही ना?"

जेवायला बसलो तर आईने चार ताटं मांडलेली. मी चौथं उचलून मांडणीत ठेवलं. तिने ते परत आणून ठेवलं, आणि भात वाढला त्यात.

चष्मा मात्र छान झालाय. नाकावर अजिबात टोचत नाही. कुठे दुरुस्त करून घेतला ते आठवत नाही, पण ज्याने केला त्याचा हात फार हलका असणार.